सांदवाडीस खत कोणते द्यावे?

आपल्या गोंदिया जिल्ह्यात धानाच्या बांधीस खत कोणते व किती द्यावे, याविषयी चार शेतकरी एकत्र बसले म्हणजे तासभर चर्चा चालते. परंतु त्याच शेतकऱ्यांच्या घरामागे जी सांदवाडी असते, तीस काय द्यावे असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. रोवणी आटोपली, वरखताचा हप्ता देऊन झाला, आणि पोत्याच्या तळाशी चार-सहा किलो युरिया उरला, म्हणजे तो सांदवाडीत फेकावयाचा, हीच पुष्कळ घरांतील खताची निवड होय. ज्या जमिनीतून घरातील लेकराबाळांच्या ताटात वांगी, वाल, मुनगा, पपई व लिंबू येतात, तिची ही अशी संभावना व्हावी, हे योग्य नव्हे.

प्रस्तुत लेखकानेही काही वर्षे हेच केले. एका हिवाळ्यात अर्ध्या आराच्या वाफ्यात वांगी लावली होती, तीत धानाचा उरलेला सुमारे पाच किलो युरिया दोन वेळा मिळून टाकला. झाडे कमरेएवढी वाढली, पाने हिरवीगार व रुंद झाली, येणारे-जाणारे वाहवा करू लागले. परंतु फुले थोडी आली व आलेली पुष्कळशी गळून पडली. कोवळ्या शेंड्यांवर मावा बसला, शेंडे पोखरणारी अळी आली, आणि पौष संपेपर्यंत घरात आठवड्यास एक भाजीही धड झाली नाही. त्याच वेळी दोन वर्षांच्या लिंबाच्या बुंध्याशी दोन मुठी युरिया टाकून वर पाणी सोडले होते. पंधरा दिवसांत त्याची पाने कडेने करपली व उन्हाळ्यापूर्वी झाड वाळले. दोष बियाण्याचा नव्हता, पाण्याचाही नव्हता. खत निवडणाराचा होता. या अनुभवानंतर जे शिकावयास मिळाले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

खताचे काम कोणते?

झाडास जी द्रव्ये जमिनीतून मोठ्या प्रमाणात लागतात त्यांत नत्र, स्फुरद व पालाश ही तीन मुख्य होत. नत्राने पाने व फांद्या वाढतात. स्फुरदाने मुळे धरतात आणि फुले व बी यांस जोर येतो. पालाशाने फळ भरते, त्यास गोडी व टिकाऊपणा येतो आणि झाड रोगास व पाण्याच्या ताणास तोंड देऊ शकते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने इ. स. १८४० च्या सुमारास जो सिद्धान्त लोकांपुढे मांडला, तो आजही खरा आहे : जे द्रव्य सर्वांत कमी पडते, तेच पिकाची मर्यादा ठरविते, इतर द्रव्ये कितीही ओतली तरी ती उणीव भरून निघत नाही. म्हणून ‘चांगले खत कोणते?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘माझ्या जमिनीत काय कमी आहे, आणि मला झाडाचे पान खावयाचे आहे की फळ?’ असा प्रश्न विचारावयास पाहिजे. मेथी, पालक, सांबार यांचे पान खावयाचे, तेथे नत्र शोभते. वांगी, भेदरे, मिरची यांस ते बेताने हवे. वाल, चवळी व पोपट यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जंतू हवेतील नत्र स्वतःच बांधून देतात, तेव्हा त्यांस युरिया घालणे म्हणजे भरल्या विहिरीत घागर ओतणे होय.

सांदवाडीची माती बांधीसारखी नसते

आपल्याकडे काळी भारी ती कन्हार, पिवळसर रेताड ती सिहार, दोहोंच्या मधली ती मोरंड, व उंचावरची खडकाळ ती बरडी, ही नावे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहेत. सिहार व बरडी जमिनींत पाणी चटकन निथळते. जिल्ह्यात वर्षास सुमारे बारा-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांतच कोसळतो. अशा जमिनीत एकदम घातलेले नत्र पावसाबरोबर मुळांच्या खाली निघून जाते. कन्हार जमीन द्रव्ये धरून ठेवते, पण पाणीही धरते, आणि तुंबलेल्या पाण्यात भाजीपाल्याची मुळे गुदमरतात. तात्पर्य, सिहार जमिनीत खत थोडे थोडे व अनेक वेळा द्यावे. कन्हार जमिनीत प्रथम चर काढून निचरा साधावा व मग खताचा विचार करावा.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. घरामागील जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, गोठ्याचा केर, कोंबड्यांची विष्ठा व सांडपाणी पडत आलेले असते. त्यामुळे अशा जुन्या सांदवाडीत स्फुरदाचा साठा बहुधा बांधीपेक्षा पुष्कळ अधिक असतो, कारण स्फुरद पाण्याबरोबर फारसा वाहून जात नाही; तो मातीस चिकटून राहतो. बांधीच्या मातीची परीक्षा करून मिळालेली पत्रिका म्हणून सांदवाडीस लागू पडत नाही. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना केंद्र सरकारने इ. स. २०१५ मध्ये सुरू केली, आणि पुष्कळांच्या घरी ती पत्रिका आहेही. पण ती धानाच्या शेताची आहे. सांदवाडीचा नमुना स्वतंत्र काढावा.

नमुना काढण्याची रीत सोपी आहे. वाफ्यात आठ-दहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूस सारून इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा करावा व त्याच्या बाजूची पातळ माती वरपासून तळापर्यंत खरवडून घ्यावी. सर्व माती स्वच्छ कापडावर मिसळून चार भाग करावे, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यावे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असे करीत जावे. उकिरड्याजवळची, झाडाच्या सावलीची, बांधावरची किंवा नुकतेच खत घातलेली माती घेऊ नये. फळझाडांकरिता मात्र खालच्या थराचाही नमुना निराळा घ्यावा, कारण त्यांची मुळे खोल जातात. नमुना कोठे द्यावा याची माहिती तालुका कृषी कार्यालयात किंवा हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्रात मिळू शकते. परीक्षेचा निकाल हाती येईल तेव्हा आम्लता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश व जस्त या पाच रकाने प्रथम पाहाव्यात.

भरखते : घरचीच, पण कुजलेली

खतांचे भरखते व जोरखते असे दोन वर्ग करण्याची जुनी रीत आजही उपयोगाची आहे. भरखते पुष्कळ प्रमाणात घालावी लागतात व ती जमिनीचा पोत सुधारतात. जोरखते थोडी लागतात व एखादे द्रव्य चटकन पुरवितात. सिहार जमिनीस भरखताशिवाय जोरखत देणे म्हणजे चाळणीत दूध ओतणे होय.

शेणखत हे भरखतांत पहिले. चांगल्या कुजलेल्या शेणखतात शेकडा सुमारे अर्धा भाग नत्र, पाव भाग स्फुरद व अर्धा भाग पालाश असतो. म्हणजे एक आर, अर्थात शंभर चौरस मीटर, वाफ्यास २०० किलो शेणखत घातले तर एक किलो नत्र मातीत पडते. मात्र त्यापैकी सुमारे तृतीयांशच पहिल्या हंगामात पिकास मिळते, बाकीचे सावकाश. कच्चे शेण घालू नये. त्यात तणांचे बी जिवंत असते, व रेताड जमिनीत उधळी लागते. जनावरांच्या मलमूत्रातील नत्राचा जवळजवळ अर्धा व पालाशाचा बराच मोठा भाग मूत्रात असतो, ही गोष्ट आपण विसरतो. गोठ्यात तनस किंवा कोरडी माती अंथरून ते मूत्र शोषून घेतले व रोज खड्ड्यात टाकले, तर घरचेच खत दुप्पट कसदार होते. डॉ. व्होल्कर यांनी इ. स. १८९३ च्या आपल्या अहवालात, हिंदुस्थानातील शेतकऱ्यांचे शेण इंधनाच्या अभावी जळते, याकडे लक्ष वेधले होते. आज पुष्कळ घरी गॅस आला, तरी मूत्र मात्र अद्यापि नालीतच जाते.

कुजविण्याच्या बाबतीत आपल्या प्रदेशास एक सूचना अवश्य केली पाहिजे. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी इ. स. १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे काडीकचरा, शेण, मूत्रमाती व राख यांचे थर रचून, अधूनमधून ते उलथून, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसविली. ती खड्ड्याची पद्धत कोरड्या दिवसांत उत्तम. पण आपल्याकडे आषाढात खड्डा पाण्याने भरतो व खत कुजण्याऐवजी सडते. हॉवर्ड यांनीही पावसाळ्यात जमिनीवर ढीग रचण्यास सांगितले आहे. तेव्हा पावसाळ्यात उंचवट्यावर ढीग, आणि दिवाळीनंतर खड्डा, असा क्रम ठेवावा.

धानाच्या तनशीविषयी एक सावधगिरी हवी. कच्ची तनस मातीत गाडली तर तिला कुजविणारे जंतू मातीतील नत्र स्वतः ओढून घेतात व रोपे पिवळी पडतात. तीच तनस वाफ्यावर चार बोटे जाड पसरली तर ओल टिकते, तण दबते आणि पुढील हंगामापर्यंत ती आपोआप मातीत मिसळते.

तलावाचा गाळ हे आपल्या जिल्ह्याचे खास धन होय. माजी मालगुजारी तलाव व बोड्या यांतून उन्हाळ्यात निघणारा गाळ सिहार व बरडी जमिनीस चिकणमातीचा अंश देतो व तिची ओल धरण्याची शक्ती वाढवितो. राज्य सरकारने इ. स. २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केल्यापासून या कामाकडे पुन्हा लक्ष गेले. परंतु गाळ हे मातीचे औषध आहे, जोरखत नव्हे. तो उन्हात वाळवून, ढेकळे फोडूनच मिसळावा, आणि कन्हार जमिनीत घालूच नये.

राख : दोन प्रकारची, गुण निराळे

‘राखेत पालाश असतो’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे व ते लाकडाच्या राखेविषयी खरे आहे. तीत पालाशाबरोबर चुनाही असतो. म्हणून आम्लधर्मी हलक्या जमिनीत ती विशेष उपयोगी पडते. परंतु आपल्या भागातील राईस मिलमधून जी काळी राख गाड्या भरून मिळते, ती तुसाची असते. तुसाच्या राखेत शेकडा पंच्याऐंशीहून अधिक भाग बहुधा सिलिकेचा, म्हणजे वाळूच्याच जातीच्या द्रव्याचा, असतो. पालाश अगदी थोडा. रोपवाटिकेची माती मोकळी करण्यास ती चांगली आहे, पण ‘पालाश दिला’ असे समजून केळीच्या बुडाशी ती घालणाराची फसगत होते. दोन्ही प्रकारांत एक नियम पाळावा : लाकडाची राख ताज्या शेणात किंवा युरियात कालवू नये, चुन्याच्या योगाने नत्र अमोनियारूपाने उडून जाते. राख आज, तर नत्रखत पंधरवड्यानंतर.

पेंडी व हाडांचे पीठ

जी पेंड जनावर खाते ती जनावरास द्यावी व त्याचे शेण जमिनीस द्यावे. जी खात नाही ती सरळ जमिनीस द्यावी, हे सूत्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. जवसाची पेंड गाईची. करंज, निंब व मोहा यांच्या पेंडी मातीच्या. निंबाच्या पेंडीत शेकडा सुमारे पाच, करंजाच्या पेंडीत चार व मोहाच्या पेंडीत अडीच भाग नत्र असते. ही खते हळूहळू लागू पडतात, म्हणून पाऊस वाहून नेणाऱ्या सिहार जमिनीस युरियापेक्षा सोयीची. मोहाची पेंड तर विशेषच सावकाश कुजते. ती लावणीच्या महिना-दीड महिना आधी मिसळावी. तीत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते, ते मासळीस विष आहे. मत्स्यतळी साफ करण्याकरिता ती याच गुणामुळे वापरतात. म्हणून ज्यांची सांदवाडी बोडीच्या किंवा तलावाच्या काठास आहे, त्यांनी मोहाची पेंड पावसाच्या तोंडावर घालू नये. आपल्या वाफ्याच्या चार वांग्यांसाठी गावाच्या तलावातील मासळी मरावी, हे पाप होय.

हाडांच्या पिठात स्फुरद भरपूर असतो व तो आम्ल जमिनीत सावकाश सुटतो. चुनखडीच्या जमिनीत तो जवळजवळ निरुपयोगी. आणि परीक्षेत स्फुरद आधीच भरपूर दिसला तर हाडांचे पीठ, डीएपी व सुपर फॉस्फेट ही तिन्ही त्या वर्षी घेऊ नयेत. अतिरिक्त स्फुरदामुळे झाडास जस्त मिळणे कठीण होते, हे नुकसान वर निराळेच.

पोत्यावरील आकडे वाचावे

बाजारातील पोत्यावर जे आकडे छापलेले असतात ते अनुक्रमे नत्र, स्फुरद व पालाश यांचे शेकडा प्रमाण होय. युरियात ४६ भाग नत्र असते व दुसरे काही नसते. डीएपीत १८ भाग नत्र व ४६ भाग स्फुरद. सिंगल सुपर फॉस्फेटात १६ भाग स्फुरद, शिवाय गंधक. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० भाग पालाश. धानास वापरले जाणारे २०:२०:०:१३ हे पोते पाहा : तिसरा आकडा शून्य आहे, म्हणजे पालाश नाही, चौथा तेरा आहे, तो गंधकाचा. अशा पोत्यावर पोसलेल्या सांदवाडीत केळी व पपई यांस पालाश कोठून मिळणार? ज्या पुडीवर असे आकडेच नाहीत, केवळ फळांचे रंगीत चित्र आहे, ती दुकानदाराने कितीही वाखाणली तरी घेऊ नये. या लेखकाने तशी एक पुडी घेऊन पैसे घालविले आहेत.

आता एक आर वांग्यांचा हिशोब करू. हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद व ५० पालाश हे प्रमाण धरले, तर एक आरास एक किलो नत्र आणि अर्धा-अर्धा किलो स्फुरद व पालाश लागतो. शिफारशीत हे प्रमाण शेणखताव्यतिरिक्त असते. तथापि दरवर्षी भरपूर शेणखत मिळणाऱ्या सांदवाडीत त्यातून तृतीयांश नत्र वजा करण्यास हरकत नाही. उरलेले सुमारे ७०० ग्रॅम नत्र म्हणजे दीड किलो युरिया; तो अर्धा-अर्धा किलो करून लावणीनंतर तीन वेळा द्यावा. पालाशासाठी सुमारे ८०० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश, व माती मागत असेल तरच तीन किलो सुपर फॉस्फेट, लावणीच्या वेळी द्यावे. आता या लेखकाची चूक किती मोठी होती, ते वाचकांच्या ध्यानात येईल. अर्ध्या आरास अर्धा किलो नत्र पुरे होते. पाच किलो युरियातून २.३ किलो नत्र गेले, म्हणजे साडेचार पटींहून अधिक, आणि पालाश मुळीच नाही.

फळझाडांची गोष्ट निराळी

भाजीचा हंगाम चार महिन्यांचा. फळझाडाचा संसार अनेक वर्षांचा. पपईस वर्षाला प्रत्येक झाडास २०० ग्रॅम नत्र, तितकाच स्फुरद व तितकाच पालाश, चार हप्त्यांत द्यावा असे प्रमाण आहे. म्हणजे दर खेपेस युरिया सुमारे ११० ग्रॅमच पडतो. केळीस नत्र २०० ग्रॅम तर पालाशही २०० ग्रॅम, स्फुरद मात्र ४० ग्रॅम पुरे. आंब्यास खत पावसाच्या आरंभी द्यावे. पावसाळ्याच्या अखेरीस नत्र दिल्यास मोहोराऐवजी पालवी फुटते. लिंबाची नवी पाने लहान व अरुंद होऊन शिरांमधला भाग पिवळा पडला, तर बहुधा जस्ताची उणीव असते. तेथे युरिया वाढविण्याने काही होत नाही, जस्त सल्फेट द्यावे लागते, व ते डीएपी किंवा सुपर फॉस्फेटात मिसळू नये.

खत कोठे द्यावे, हेही निवडीइतकेच महत्त्वाचे आहे. अन्न घेणारी बारीक मुळे बुंध्याशी नसून फांद्यांच्या टोकांखाली, म्हणजे दुपारी झाडाची सावली जेथे संपते तेथे, असतात. त्या वर्तुळावर उथळ चर काढून, खत मातीत मिसळून, माती लोटावी व मग पाणी द्यावे. बुंध्याशी टाकलेल्या दोन मुठींनी लिंबाचे झाड कसे गेले, ते वर सांगितलेच आहे.

त्या जागी आता दुसरे लिंबाचे झाड आहे. सांदवाडीच्या मातीची परीक्षा करविली तेव्हा स्फुरद भरपूर, पालाश मध्यम व सेंद्रिय कर्ब थोडा, असा निकाल आला. तेव्हापासून डीएपी बंद केले. दरसाल शेणखत, करंजाची पेंड, थोडा पालाश, व मोजून दिलेला युरिया एवढेच चालू आहे. खर्च पूर्वीपेक्षा कमी झाला व वांगी शेजाऱ्यांस वाटण्याइतकी येतात.

तेव्हा वाचकांस इतकीच विनंती, की येत्या उन्हाळ्यात बांधीची माती परीक्षेस पाठवाल तेव्हा सांदवाडीची अर्धा किलो माती निराळ्या पिशवीत, निराळी चिठ्ठी घालून, सोबत पाठवावी. आणि धानाचा युरिया उरलाच, तर पोत्याचे तोंड घट्ट बांधून तो कोरड्या जागी पुढील रोवणीकरिता ठेवावा.